आप्पांच्या फोटोमागची ओळ

वेबसाइट बनवणाऱ्यांच्या संमेलनांतून माणसं प्रेरणा घेऊन घरी येतात म्हणे. धाकटी आली ती धास्ती घेऊन. प्रेरणाही सोबत होती, नाही असं नाही, पण बसच्या सबंध प्रवासात तिच्याकडे बघायला धाकटीला सवड झाली नाही.

धाकटी म्हणजे खुर्च्या बनवणाऱ्या आप्पांची धाकटी मुलगी. वेबसाइट बनवणं हा तिचा धंदा. मोठ्या कंपनीत ती टिकली नाही, कारण तिला सगळं स्वतःच्या हाताने लिहायचं असतं आणि दुसऱ्याने लिहिलेलं एक अक्षर पटत नाही. हा गुण बापाचा. आप्पांनीही बाहेरून तयार पाय आणून खुर्चीला कधी लावले नाहीत. घराच्या पुढच्या भागातला कारखाना आता दादा बघतो, कारण आप्पांची नजर गेली. आधी पेन्सिलची रेघ दिसेनाशी झाली, मग मोजपट्टी, मग समोरच्या माणसाचं तोंड. तेव्हापासून ते मागच्या खोलीत बसून असत आणि लाकडाला हात लावत नसत. "अडगळ झालो," एवढंच अधूनमधून म्हणत, आणि कोणी समजूत काढायला गेलं की मान फिरवून घेत.

अलीकडे मात्र एका गोष्टीला ते कबूल झाले होते. पडद्यावर बोट फिरवलं की तिथे जे असेल ते फोन वाचून दाखवतो, ते शिकवणाऱ्या एक बाई घरी येणार होत्या. वहिनीने कितीतरी दिवस मागे लागून हे जमवलं होतं, आणि दिवस निघाला नेमका संमेलनाचाच. सकाळी निघताना धाकटीने आप्पांना विचारलं, पहिल्यांदा काय ऐकणार? आप्पा म्हणाले, "आपलं दुकान." म्हणजे धाकटीने बनवलेली खुर्च्यांची साइट. ते ऐकून ती बसमध्ये चढली ती हवेत तरंगतच.

संमेलनही तिच्यासारख्यांचंच होतं. कुठल्या कंपनीचा फलक नाही, प्रायोजक नाही. बंद पडलेल्या छापखान्याचा हॉल, गळ्यात अडकवायचे बिल्ले आयोजकांनी स्वतः रंगवलेले, आणि बसायला घडीच्या खुर्च्या, ज्यांना आप्पांची लेक म्हणून तिने रीतसर नाक मुरडलं. चहाच्या रांगेत एक चष्मेवाला भेटला, तोही हाताने साइट लिहिणारा. दोघांनी मिळून जगातल्या झाडून सगळ्या वेबसाइटच्या तयार साच्यांना नावं ठेवली. दुपारपर्यंत धाकटीला वाटू लागलं, की आपलं माहेर सापडलं.

जेवणानंतर एक अंध बाई मंचावर आल्या. त्याही साइट बनवणाऱ्याच. त्यांनी मागचा मोठा पडदा बंद करायला लावला आणि म्हणाल्या, आता तुमची कामं आपण नुसती ऐकू. चष्मेवाल्याने हौसेने आपली साइट दिली. प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहायची सोय असते. फोटोत काय आहे ते साइट बनवणाऱ्याने तिथे सांगायचं असतं. पाहणाऱ्याला ती दिसत नाही, त्यामुळे लिहिणारेही तिच्याशी वाटेल तसे वागतात. बाईंचा फोन ती वाचू लागला. "फोटो नवा. फोटो नवा दोन. फोटो शेवटचा. फोटो खरंच शेवटचा." हॉलमध्ये हशा पिकला. धाकटीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. बाईही हसल्या आणि मग सहज म्हणाल्या, "कोणी वाचणार नाही म्हणून तुम्ही जे लिहिता ना, मी तेच वाचते."

धाकटीचं हसू तिथेच थांबलं.

दुकानाच्या साइटच्या अगदी तळाशी आप्पांचा एक फोटो होता. साइट नवी करताना दादाचं म्हणणं पडलं, की तो काढ. एप्रन डागाळलेला, फोटो धड आलेला नाही, गिऱ्हाईक काय म्हणेल? वाद नको म्हणून धाकटीने फोटो वरून खाली ढकलला, आणि पुढे बघू म्हणून फोटोमागच्या ओळीत स्वतःसाठी खूण करून ठेवली. मग ती विसरूनही गेली. आता ती ओळ तिला शब्दन्‌शब्द आठवली. "आप्पांचा फोटो. साइटला शोभत नाही. काढून टाकायचा आहे."

इतके दिवस गप्प बसलेला माणूस आज लेकीचं काम ऐकायला म्हणून कान लावणार आणि ऐकणार हे. ऐकलं की फोन खाली ठेवतील आणि पुन्हा हातात घेणार नाहीत, फोनच काय, कशालाच हात लावणार नाहीत. बापाला ती पुरती ओळखून होती.

लोकांच्या पायांवर पाय देत ती हॉलबाहेर आली. ओळ बदलणं चुटकीसरशी होणारं काम. पण साइटची मूळ फाइल घरच्या कॉम्प्युटरवर, आणि ती नेटवर चढवायचा लांबलचक पासवर्डही तिथेच. आपल्या कामाची किल्ली आपण कोणाच्या हातात देत नाही, असं चहाच्या रांगेत छाती फुगवून सांगूनही झालं होतं. तिने दादाला फोन लावला. करवत चालू असली की दादाला जगबुडी झाली तरी कळत नाही. मग वहिनीला लावला. वहिनी खुशीत होती. शिकवणाऱ्या बाई ठरल्यापेक्षा आधीच आल्यात, आप्पा शहाण्यासारखे शिकतायत, म्हणाली.

"वहिनी, त्यांना साइट नको ऐकवूस. बातम्या ऐकव, हवामान ऐकव, काहीही ऐकव."

"हवामान ऐकून कंटाळले गं ते. तुझंच ऐकायचं म्हणून हटून बसलेत. लाजतेस काय एवढी?"

खरं सांगायला धाकटीची जीभ रेटेना. नेट बिघडलंय म्हणून सांग, असं काहीतरी ती पुटपुटली. छान चाललंय की, म्हणून वहिनीने फोन ठेवला. त्यानंतर घरी कोणी फोन उचलला नाही.

बसमध्ये तिचा जीव टांगणीला लागला होता. प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या माणसाचा तिला राग येत होता. कदाचित आप्पा तळापर्यंत पोचलेच नसतील, वरच्याच खुर्च्यांमध्ये रमले असतील, अशी तिने मनाची समजूत घातली. आणि मग तिला आठवलं, की वरच्या प्रत्येक फोटोमागे तिने नुसतं "खुर्ची" लिहिलंय. रमायला तिथे होतं काय? डोळे मिटून तिने आपली सगळी साइट मनात ऐकून पाहिली आणि आपण इतकी वर्षं काय केलं, असं तिला झालं.

वहिनी दारातच भेटली. तिचा चेहरा उतरला होता. आप्पा कानात फोनची बोंडं घालून मजेत ऐकत होते, वहिनी हळू आवाजात सांगू लागली. मध्येच फोन बंद करून अवजारांच्या खणात टाकला आणि मागे जाऊन बसले. काय ऐकलं ते बाईंनाही सांगितलं नाही.

शूर माणूस असता तर आधी बापाकडे गेला असता. धाकटी आधी कॉम्प्युटरकडे गेली. ती ओळ तिने पुसली. चौकट रिकामी झाली, आणि तिथेच घोडं अडलं. काय लिहायचं? मंचावरच्या बाई तेच सांगणार होत्या, पण ते ऐकायला ती थांबली कुठे होती?

"आलीस?" मागून आप्पांचा आवाज आला. दाराची चौकट धरून ते उभे होते. "दुरुस्त करतेस वाटतं."

"ती ओळ मी लिहिली, आप्पा. चुकलं माझं." दादाचं नाव तिने घेतलं नाही.

"शोभत नसेल तर काढा. दुकान तुमचं आहे." आप्पा अगदी साध्या आवाजात बोलले, आणि त्याचंच तिला रडू आलं. मग ते म्हणाले, "पण कुठला फोटो ते तरी कळू दे. मला काही बघता येत नाही."

धाकटीने नाक पुसलं आणि फोटोकडे पाहिलं. आजवर तिने तो फक्त इकडून तिकडे हलवला होता.

"तुम्ही जमिनीवर गुडघे टेकून बसलाय," ती सांगू लागली. "कानामागे पेन्सिल आहे. एप्रनवर पॉलिशचे डाग. समोर खुर्ची आहे, बैठक विणायची राहिलीय. तुम्ही तिच्या पाठीवरून तळहात फिरवताय, आणि..." ती थांबली. फोटो धड आला नाही असं दादा का म्हणत होता ते तिला आत्ता दिसलं. "डोळे मिटलेत तुमचे, आप्पा."

"मिटणारच," आप्पा फटकन म्हणाले. "लाकूड कुठे चढलंय, कुठे उतरलंय, ते डोळ्यांना थोडंच कळतं? ते हातानेच..."

बोलता बोलता ते स्वतःच्याच तळहातावरून बोटं फिरवू लागले. कारखान्यातली करवत केव्हा थांबली होती ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दादा दाराशी येऊन उभा होता.

"हेच लिही," आप्पा म्हणाले. "आणि माझा फोन आण."

धाकटी जे बोलली ते तिने तसंच लिहिलं आणि चढवलं. आप्पांनी ते कानात बोंडं न घालता, सगळ्यांना ऐकू जाईल असं ऐकलं, मग पुन्हा ऐकलं. मग साइटच्या वरच्या भागात जाऊन खुर्च्या ऐकू लागले. "खुर्ची. खुर्ची. खुर्ची." त्यांच्या कपाळावर जुनी ओळखीची आठी पडली.

"हे काय लिहिलंय? एक खुर्ची दुसरीसारखी केली का मी कधी?" ते म्हणाले. "एकेक पुढ्यात आणा माझ्या. मी सांगतो, तू लिही."

दादा कारखान्यात गेला आणि सकाळपासून घासत असलेली नवी खुर्ची उचलून आणली, आणि आप्पांचा हात धरून तिच्या पाठीवर ठेवला. आप्पांनी तळहात वरपासून हळूहळू खाली आणायला सुरुवात केली, आणि सवयीने डोळे मिटून घेतले.