विहिरीची दुपार

"गौरा, सूर्य डोक्यावर आला की विहिरीला निजू द्यायचं बघ. बैल सोडायचे, घागर बुडवायची न्हाई, काठावर मोठ्यानं बोलायचं न्हाई. झोपेतच भरती ती, माय."

सासूबाई सिद्धम्मा शिवचरणी गेल्या, पण हा आवाज गौराबाईच्या कानात रोज दुपारी यायचा. तळहातावर बेलाचं पान ठेवून सासूनं वचन घेतलं होतं. मोट होती तोवर ते पाळणं सोपं होतं. बैल थकायचे, मोट थांबायची, विहीर निजायची. गौराबाई लिंबाखाली डोळे मिटून बसली की खालचे झरे श्वास घेतल्यासारखे ऐकू यायचे. कासव वर यायचं, पाण्यातलं आभाळ हलायचं, पुन्हा थिर व्हायचं.

मग सोनपेठच्या बाजूनं खांब आले, तारा आल्या. घरात दिवा लागला तेव्हा गौराबाईनं त्यालाही हात जोडले. विहिरीवर मोटार बसली आणि तिच्या नवऱ्यानं, मन्मथअप्पांनी, ऊस लावला.

"बैलाची कटकट गेली," ते म्हणाले. "ही थकत न्हाई, रुसत न्हाई!"

"थकत न्हाई, तेच तर वाईट हाय."

"तुझं आपलं कायतरीच!"

वीज येण्याजाण्याला नेम नव्हता. म्हणून अप्पा स्टार्टरच्या बटणात काडी खोचून ठेवायचे. वीज आली की मोटार आपली आपण सुरू. एकदा ते बाजाराला गेले आणि वीज आली ती दिवसभर राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौराबाईची घागर दगडावर खणकन वाजली. तळाशी गाळ होता आणि गाळात मान आत घेतलेलं कासव.

या विहिरीच्या पाण्यानं लिंगपूजा झाल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे. घागर पालथी घालून ती काठावर बसली.

"शेजारून आणू का पानी?" अप्पांनी विचारलं.

"नका. झोप आपुन मोडली तिची. भरंस्तोवर थांबते मी."

अप्पांनीही ताट बाजूला सारलं. "ऊस वाळंल की गं," ते पुटपुटले.

"मोटार काढा म्हनत न्हाई मी. सकाळ घ्या, सांज घ्या. दुपार तेवढी तिची ठिवा."

दिवस कलताना कुठं घागरभर पाणी साचलं. पूजा झाली. पूजेतलं बेलाचं पान तिनं अप्पांच्या हातावर ठेवलं. त्यांनी मूठ मिटली. "दिली दुपार," ते म्हणाले.

पुढं वीज रुसली. उसाची पानं सुरळी होऊन माना टाकू लागली. अप्पा रोज सकाळी सवयीनं काडी खोचून यायचे आणि तारांकडं बघत बसायचे.

एके दिवशी ऐन दुपारी, ते जेवायला बसलेले असताना, ओसरीवरचा दिवा लागला. लांबून मोटारीची घरघर ऐकू आली. अप्पांचा हात ताटातच थांबला. त्यांनी उसाच्या दिशेला पाहिलं, मग गौराबाईकडं. तिचे ओठ तेवढे हलत होते, नामस्मरणात.

अप्पांनी हात धुतला. वहाणा दारातच ठेवल्या, आणि निजलेल्या घरातून जावं तसे हलक्या पायांनी ते काडी काढायला विहिरीकडं निघाले.