दारावरची लोकर

मुलगा झाला तर दारावर ऑलिव्हची माळ, मुलगी झाली तर लोकर. ग्रीसच्या ऑर्कोमेनोस गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि शंभर बाळंतपणं केलेली फिलिन्ना सुईण धडधडीत मुलगा काखेत घेऊन आपल्या दाराला लोकर बांधत होती.

थोडं मागे. त्याच सकाळी.

"मावशी, हे धर." देवांचा निरोप्या हर्मीस उंबऱ्यावर उतरला. चपलांचे पंख अजून फडफडत होते. "देवांचे राजे, आपले झ्यूसबाबा, त्यांचं आहे."

"आई?"

"जळाली बिचारी, त्यांची वीज पाहून. उरलेले महिने बाबांनीच पोर स्वतःच्या मांडीत शिवून काढले."

"मांडीत?"

"लंगडतायत अजून."

"अगं बाई! पुरुषाला कळा, आणि मला बोलावलं नाहीत?"

"हसू नकोस. त्यांच्या राणीला, हेरामातेला कळलं तर पोर जाईल आणि तुला वेड लागेल. मुलगी म्हणून वाढव."

म्हणून लोकर. म्हणून वेण्या.

पण पोर रांगेल तिथे वेल! पाळण्याला वेल, जात्याला वेल, बोकडाच्या शिंगांना वेल. द्राक्षं इतकी, की फिलिन्नाने रांजणात दडपली आणि विसरली. रांजण आपला आतून गुरगुरतोय. रस चाटलेला बोकड मागच्या दोन पायांवर नाचतोय.

तिसरा हिवाळा. दारात म्हातारी. अंगावर फाटकी शाल, पायांत सोन्याच्या चपला.

फिलिन्नाने चपलांवरून ओळखलं: हेरा.

"लोकर आठवड्यात उतरवतात," म्हातारी म्हणाली. "तुझी तीन वर्षं लटकतेय. पोरीचं एवढं कौतुक कोण करतं गं? आण तिला बाहेर."

भीतीपोटी! भीतीपोटी उतरवली नव्हती!

"आणते आजी. आधी घसा ओला करा." हाताला लागला तो रांजण. तिने प्याला भरला, नुसत्या रसाचा. पाणी घालायचं असतं हे तेव्हा कुणाला माहीत?

एक प्याला.

"हे काय गं?"

दोन.

"गोड आहे मेलं."

तीन. म्हातारी खुदकली. "मांडीत शिवलं म्हणे! बसताना 'आई गं' करतो!"

"टाके कुणी घातले?"

"त्यानंच! वाकडे!"

दोघी जमिनीवर लोळत असताना पोर जागं झालं आणि दुडुदुडु बाहेर आलं. डोक्यावर द्राक्षाची पानं. बाकी काही नाही.

फिलिन्ना त्याला झाकायला धडपडत उठली.

हेराने पोराकडे पाहिलं. प्याल्याकडे पाहिलं. पुन्हा पोराकडे.

"हे यानं केलं?"

"...यानंच."

"मग मोठा होऊ दे." तिने प्याला पुढे केला. "भर."

दुसऱ्या दिवशी वर, देवांच्या ऑलिम्पसवर दारं आपटत होती. हर्मीस धापा टाकत आला. "मावशी, हेरामातेचं डोकं फुटतंय. विचारतायत, पुढच्या वेळी काय करायचं?"

"एकाला तीन पाणी," फिलिन्ना म्हणाली. तिने स्वतःच्या कपाळाला ओलं फडकं बांधलं होतं.

"आणि म्हणाल्या, मोठा झाला की त्याला वर पाठव. रांजणासकट."

तिने लोकर उतरवायला हात घातला. निघेना. वेलाने ती गच्च धरली होती. मग तिने वरूनच ऑलिव्हची माळ बांधली आणि खाली पोराची वेणी सोडायला बसली.