परतीच्या खुणा

“वरचा टप्पा भावोजींचा,” माझा धाकटा भाऊ म्हणाला, आणि मी हातातला कप तसाच खाली ठेवला.

पर्यटन खात्याचे साहेब बाकावर बसले होते. त्यांच्या शेजारी, तळ्यावरून परतताना वाट चुकलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांची मुलगी. माझा नवरा दाराशी उभा, आणि धाकटा खिडकीला पाठ टेकून. जागा म्हणजे आमचं चहाचं दुकान, आणि दुकान म्हणजे तरी काय, आमच्याच घराची पुढची खोली. डोंगरावरच्या तळ्याकडे जाणारी पायवाट आमच्या दारातून वर चढते. जाणारा इथे चहा पिऊन जातो आणि येणारा इथे येऊन बूट काढतो. दुसरं घर जवळपास नाही. हाक मारली तर डोंगरच ओ देतो.

साहेबांनी विचारलं होतं ते एवढंच, की झाडं संपून नुसता दगडधोंडा सुरू होतो तिथून तळ्यापर्यंत यंदा खुणा कोणी रंगवल्या?

ह्या खुणांवरच आमचं घर चाललं. आमचे हे खात्याच्या नोकरीत वाटेवरचे दगड रंगवायचे. बर्फ वितळलं की पिवळ्या रंगाचा डबा कमरेच्या आकड्याला अडकवून निघायचे आणि वाटेवरच्या एकेका दगडावर ठिपका काढत तळ्यापर्यंत जायचे. दरवर्षी तेच काम, कारण थंडी रंग खाऊन टाकते. डोंगर चढणारे ह्यांना ‘ठिपकेवाले काका’ म्हणायचे. तळ्याचे फोटो लोकांनी जगभर लावले असतील, पण त्या तळ्यापर्यंत त्यांना बोट धरून नेलं ते ह्यांच्या ठिपक्यांनी.

“जाताना प्रत्येक दगडावर ठिपका होता म्हणे,” मुलगी म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. “परत फिरले आणि धुकं आलं. बघतात तर एकाही दगडावर खूण नाही. बाबांना वाटलं आपल्यालाच वेड लागलंय.”

गृहस्थांनी रात्र एका कपारीत काढली. दैव बलवत्तर म्हणून जीव वाचला, पण गारठून गेलेली पायाची बोटं कापावी लागली. निघण्याआधी माझ्याकडेच चहा पिऊन गेले होते. “बाई, साखर जास्त घाला, खाली उतरल्यावर डॉक्टरला सांगू नका,” असं म्हणाले होते.

वरचा टप्पा कोणाचा होता हे मला नाही तर कोणाला माहीत असणार! यंदा ह्यांचा गुडघा सुजला होता, म्हणून खालचा झाडीतला टप्पा ह्यांनी घेतला आणि वरचा, खात्यात ह्यांच्या हाताखाली लागलेल्या धाकट्याने. दोघांचे जेवणाचे डबे वेगवेगळे बांधले ते ह्याच हातांनी. धाकटा उन्हं असतानाच खाली यायचा. “फारच भरभर उरकतोस रे,” म्हणून मी त्याचं कौतुकसुद्धा केलं होतं. भरभर कसं उरकत होतं ते आता कळलं.

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी हेच बोलले.

“हो साहेब. माझाच टप्पा.”

साहेबांनी मान हलवली. मुलगी उठून ह्यांच्यासमोर आली. मला वाटलं ओरडेल, पण ती हळूच बोलली. “काका, बाबा तुमचं नाव घ्यायचे. म्हणायचे, ठिपकेवाल्याची वाट आहे, डोळे मिटून जावं.” एवढंच बोलून ती बाहेर गेली. हे खाली मान घालून उभे राहिले. धाकटा आपल्या बुटांकडे बघत होता. नवे बूट होते ते. ह्यांनीच घेऊन दिलेले.

साहेबांची गाडी गेली तसा तोही सटकला. “येतो गं ताई,” म्हणाला. डोळ्याला डोळा नाही.

दार लागलं आणि मी ह्यांच्यावर तुटून पडले.

“अहो, जीभ काय गहाण ठेवली होती तुम्ही? त्याने केसाने गळा कापला तुमचा, आणि तुम्ही वर मान पुढे केलीत!”

“हळू बोल.”

“कशाला हळू? ऐकायला आहे कोण इथे? शेळ्या?”

हे बाकावर बसले. गुडघा चोळत म्हणाले, “घाबरला गं तो. बायको पोटुशी आहे. नोकरी अजून कच्ची. मी नाही म्हटलं असतं तर साहेबांनी तिथल्या तिथे घालवला असता त्याला.”

“आणि तुम्हाला घालवलं म्हणजे?”

“तो येईल ना. संध्याकाळपर्यंत येईल बघ. इथे बसून सगळं सांगेल. मग त्याला घेऊन मीच जातो साहेबांकडे. माणूस स्वतःहून बोलला की साहेबही ऐकून घेतात.”

“आणि नाही आला तर?”

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी उद्या सूर्य उगवणार नाही असं म्हणाले होते. “आपल्या हाताखाली वाढलाय तो. येणार नाही असं होईल का?”

तेही खरंच. आई गेली तेव्हा हा एवढासा होता. मी त्याला सासरी घेऊन आले तेव्हा माझी मान खाली होती. लग्नाची हळद अजून पुरती गेली नव्हती आणि पाठीला भाऊ! पण हे एका शब्दाने बोलले नाहीत. उलट त्याला खांद्यावर घेऊन डोंगर दाखवायला निघाले. पहिला धडा दिला तो कामाचाच. ठिपका काढला की दगड ओलांडून पुढे जायचं, मागे वळायचं आणि त्याच दगडाच्या मागच्या अंगालाही ठिपका काढायचा. जाणारा हौसेने जातो, त्याला एखादी खूण चुकली तरी चालते. येणारा दमलेला असतो, अंधार पडत असतो, खरी गरज त्याला. “म्हणून मागे वळून बघायचं,” हे म्हणायचे, “दर वेळी बघायचं.”

पोराने ते असं काही मनावर घेतलं की बोलायची सोय नाही. शाळेला निघाला की सडकेच्या वाटेवर जो मोठा खडक आहे, तिथल्या वळणावर थांबायचा, मागे वळायचा आणि हात वर करायचा. आम्ही दोघं दारात. आमचा हात वर गेल्याशिवाय स्वारी पुढे हलायची नाही. एकदा माझ्या हातात दुधाचं पातेलं होतं, तर पठ्ठ्या तिथेच उभा, शाळेची घंटा होऊन गेली तरी. पुढे मिसरूड फुटलं, मोटारसायकल आली, तरी त्या खडकाशी थांबून हॉर्न द्यायचाच.

त्या संध्याकाळी हॉर्न वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हे मात्र दाराकडे तोंड करून बसत. मी भाजी चिरताना सुरी जरा जोरातच आपटायचे. बोलले काहीच नाही, पण सुरीने काय ते सांगितलं.

मग एका सकाळी उठून बघते तर ह्यांनी डबा कमरेला अडकवलेला.

“कुठे निघालात?”

“वर.”

“ह्या गुडघ्याने?”

“धुकं काय माझ्या गुडघ्यासाठी थांबणार आहे?”

मग मीही शटर ओढलं आणि बरोबर निघाले. किती वर्षांनी चढत होते देव जाणे. झाडीतून जाताना बरं वाटलं. पायाखाली पाइनची सुईसारखी पानं पडलेली, मध्येच ओढ्याचा आवाज. झाडं संपली आणि समोर नुसते दगड, त्यांच्यावर वारा. पुढे बघितलं तर दगडादगडावर पिवळाधमक ठिपका. कसा हसत होता! मी म्हटलं, काम तर झकास केलंय मेल्याने. मग हे म्हणाले, “आता वळ.”

मी वळले. आलो ती वाटच नव्हती. नुसते करडे दगड, एकासारखा एक, जिथवर नजर जाईल तिथवर. आम्ही आत्ता तिथून चालत आलो होतो, तरी मला सांगता आलं नसतं कुठून ते. त्या म्हाताऱ्या माणसाला धुक्यात काय वाटलं असेल!

“ज्याने घाण केली त्याला निस्तरू द्या,” मी म्हटलं.

ह्यांनी तारेच्या ब्रशने दगड घासला, फुंकर मारली आणि ठिपका काढला. पुढचा दगड. पुढे पुढे गुडघा वाकेना तेव्हा मी दगड घासायचे आणि हे ब्रश टेकवायचे. तळ्यापर्यंत गेलो. तळं निळंशार पसरलं होतं. काठावर एक जोडपं एकमेकांचे फोटो काढत होतं. त्यांनी ह्यांना ओळखलं. पूर्वी असं कोणी भेटलं की “काका, एक फोटो!” व्हायचं. ते दोघं आपसात काहीतरी कुजबुजले आणि सामान उचलून पलीकडे जाऊन बसले. हे ओणवे होऊन पाण्यात हात धूत राहिले. मी त्या जोडप्याला चार शब्द सुनावणारच होते, पण ह्यांनी माझा पदर धरला.

उतरताना ठिपके समोर दिसत होते. एकामागून एक, थेट घरापर्यंत.

खात्याचा हुकूम आला तो त्याच आठवड्यात. ह्यांना घरी बसवलं आणि ह्यांच्या जागी धाकट्याला पक्कं केलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पाहिले होते, पण वासे उपटून नेणारा माझ्याच पाठचा निघाला.

आणि मग तो आला. हातात फळांची पिशवी. मी गल्ल्यामागून हलले नाही. हे मात्र लगबगीने उठले. “ये, ये. बस.” तोंडावर असा आनंद की माझाच जीव तुटला. ह्यांना वाटलं, आला! उशिरा का होईना, बोलायला आला.

तो बसला नाही. “भावोजी, हुकूम निघालाय. मी काही मागितलं नव्हतं हं.”

“असू दे. तू आलास ना.”

“ताई, तू अशी बघू नकोस माझ्याकडे.”

“मग कशी बघू? आरती ओवाळू?”

“भावोजींनी स्वतःच हो म्हटलं ना साहेबांसमोर?” त्याचा आवाज चढला. “मी काय त्यांच्या तोंडात शब्द घातला? तेव्हाच नाही म्हणायचं होतं.”

त्याला वाचवायला ह्यांनी जे ‘हो’ म्हटलं, तेच त्याने ह्यांच्यावर उलटवलं. मी आयुष्यात कधी त्याच्यावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी मधे गल्ला होता म्हणून वाचला. इतके दिवस दाराकडे बघत बसलेला माणूस, त्या वाक्यानंतर दाराकडे पाठ करून उभा राहिला.

“ब्रश न्यायला आलो होतो,” धाकटा खाली बघून म्हणाला. “ऑफिसात नवे यायला वेळ आहे म्हणतात.”

हे आत गेले. ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन, जुन्या बनियनच्या कापडात गुंडाळून ठेवलेले होते. ते आणले, आकड्याचा पट्टा आणला, तारेचा ब्रश आणला. सगळं बाकावर ओळीने मांडलं.

“आधी दगड घासून घेत जा. शेवाळावर रंग धरत नाही.”

“माहितीये भावोजी.”

“आणि वरच्या टप्प्याला यंदा जाऊ नकोस. परतीच्या खुणा झाल्यात.”

धाकट्याने मान वर केली. कानापर्यंत लाल झाला. ब्रश हातात तसाच राहिला. मी मनात म्हटलं, आता. आता तरी बोल रे बाळा. एक शब्द बोल, मी सगळं पोटात घालीन.

“बरं,” तो म्हणाला.

पिशवी बाकावर ठेवली, ब्रश बगलेत घेतले आणि निघाला. मोटारसायकल सडकेवरच ठेवून चालत आला होता. म्हणजे हॉर्न द्यायला नको.

हे दारात जाऊन उभे राहिले. मी ठरवलं होतं की उठायचं नाही, पण पाय ऐकतात का? मीही जाऊन शेजारी उभी राहिले. त्याची पाठ दूर जात होती. तो त्या मोठ्या खडकापाशी पोचला. क्षणभर पाऊल अडखळलं, निदान मला तसं वाटलं. ह्यांचा हात अर्धा वर आला होता.

तो वळणावरून पुढे गेला. खडकावरचा पिवळा ठिपका तेवढा आमच्याकडे बघत राहिला.

ह्यांनी तो हात तसाच नेऊन दाराच्या चौकटीला टेकवला, जणू आधारासाठीच उचलला होता.