बनुबाईंची खुर्ची

सरपंच बनुबाई आणि खुर्चीत लालासाहेब. पलूसजवळच्या त्या गावात याचं कुणालाच काही वाटत नसे. पद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदार लालासाहेबांनी बायकोला उभं केलं, निवडून आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून पंचायतीत स्वतःच जाऊन बसले. बनुबाईंच्या वाट्याला उरल्या सह्या आणि उद्घाटनाचे नारळ.

पण यंदा पंधरा ऑगस्टला बनुबाईंचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. शाळेशेजारची मोकळी जागा कबड्डीच्या मैदानाला द्यायची, असा शब्द त्यांनी गावातल्या पोरींना दिला होता. त्यात त्यांची नात अंकिताही आली. आणि चहा पिता पिता नवरा सांगून मोकळा झाला, "त्या जागंवर आपल्या धैर्यशीलचं दुकानगाळं बांधायचं ठरलंय. आज ग्रामसभेत ठराव घेतो. तू सही कर." धैर्यशील म्हणजे त्यांचा लाडका पुतण्या.

"मला इचारलंसा का?"

"तुला काय इचारायचं? तुज्या वतीनं मी हाय की तितं! तुजं भलं मला कळत न्हाई व्हय?"

बनुबाईंनी कप बशीवर असा आपटला की त्याचा कान तुटला. नवरा तोवर फेटा बांधायला निघूनही गेला होता. पोरींना आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

झेंडावंदन झालं आणि ग्रामसभेआधी शाळेचा वादविवाद सुरू झाला. विषय इतिहासाच्या आदगोंडा सरांनी काढलेला: अमेरिकेतल्या वसाहती आणि इंग्लंडचं राज्य यांच्यात भांडण पेटलं, त्यात चूक कुणाची? व्यासपीठावर एकुलती एक गादीची खुर्ची, तिच्यात लालासाहेब. पुढ्यातल्या टेबलावर पाटी, 'सौ. बनुबाई मोहिते, सरपंच'. आणि खुद्द बनुबाई खाली बायकांत, प्लास्टिकच्या खुर्चीवर.

आधी दहावीतला यशराज बोलला. इंग्लंडनं चहावर कर लावला, सैन्य आणून बसवलं, आणि जिथं हे ठरलं त्या सभेत वसाहतींचा एकही माणूस नव्हता, चूक इंग्लंडचीच. लालासाहेबांनी टेबलावर थाप मारली. त्यांचे वडील बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होते. इंग्रजाला शिवी घालायची संधी हा गडी सोडत नसे.

मग अंकिता उठली. चिठ्ठीत तिला इंग्लंडची बाजू आली होती.

"फ्रेंचांशी लढून या वसाहतींना वाचवलं कुणी? इंग्लंडनं! त्याचा वाटा मागितला तर यांनी दुसऱ्याचा चहा समुद्रात ओतला. चूक वसाहतींची! सभेत त्यांचा माणूस नव्हता म्हणून काय बिघडलं? सभासद म्हणत होते, आम्ही सगळ्यांच्याच वतीनं बसलोय, तुमचं भलं आम्हाला कळतं. मग वेगळं विचारायचं कशाला?"

बनुबाईंनी झटकन मान वर केली. नात पुस्तकातलंच बोलत होती, पण हे बोलणं त्यांनी सकाळीच ऐकलं होतं.

लालासाहेब ताडकन उठले. "ए पोरी, गप! माज्या घरात इंग्रजाची वकिली?"

"ओ सुभेदार, तिला ती बाजू आलीया," आदगोंडा सर मध्ये पडले.

"येऊ दे! आमच्या वतीनं बसनारं हे कोन? ज्येची खुर्ची त्येनंच बसायचं, ज्येचं म्हननं त्येनंच मांडायचं! दुसऱ्याच्या जागंवर बसतोय त्यो चोर!"

टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूनं जरा जास्तच.

बनुबाई उठल्या. पदर सावरला आणि पायऱ्या चढून थेट टेबलापाशी गेल्या. आवाज ठाम होता.

"आवं, आत्ता काय म्हनलासा?"

"काय म्हनलो?"

"ज्येची खुर्ची त्येनंच बसायचं. मग व्हा की बाजूला."

"चार लोकांत काय तमाशा लावलाईस?"

"तमाशा मी निवडून आल्यापास्नं चाललाय. ही पाटी वाचा. मोठ्यानं वाचा."

लालासाहेबांनी पाटीकडं पाहिलं, मग समोरच्या गावाकडं. धैर्यशील मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. कुणीही मदतीला येईना, आणि आपलंच बोलणं मागं घ्यायची सोय उरली नव्हती. वर दुसरी खुर्चीही नव्हती. ते खाली उतरले आणि बायकांमधल्या त्या रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन टेकले.

बनुबाई गादीवर बसल्या, पाटी सरळ केली.

"अंकिता, झालं गं तुजं भाषन?"

"झालं, आजी."

"ते चिठ्ठीतलं झालं. आता ग्रामसभा सुरू. विषय पयला, शाळंशेजारची जागा. बोल, तुज्या मनातलं बोल."