उंबरठ्यावरचा श्वास

आमच्या धाकट्या दिराच्या हातात जादू होती, पण त्याच्या तोंडावर मी तसं कधी म्हटलं नाही. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला. वर कौतुक कशाला? मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जात होता, त्यामुळे मी त्याला अरे-तुरेच करते. लाकडाला पॉलिश करणं हे त्याचं काम. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाच्या बोळ्यावर घ्यायची आणि लाकडावर हात फिरवत राहायचं. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवायच्या. संध्याकाळी आधी स्पिरिटचा वास घरी यायचा आणि मागून तो.

त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, नाकाची पक्की. स्पिरिटचा वास कपड्यांना, दारूचा तोंडाला, हा तिचा हिशेब. रोज तो उंबरठ्यावर थांबून तिच्याकडे 'हाऽ' करून श्वास सोडायचा. तिने मान हलवली तर आत, नाही तर पायरीवर. आमची दारं समोरासमोर, त्यामुळे हा तमाशा मी भाजी निवडता निवडता पाहायचे आणि हसायचे. पायरीवर बसण्याचे दिवस वाढत गेले, तसं माझं हसू आटलं.

शेवटी तो आपणहून, धाकटीला घेऊन डॉक्टरांकडे गेला. त्यांनी दारू सोडवायची गोळी दिली आणि बजावलं, ही चालू असताना दारूचा थेंबही जिवावर बेतेल; खोकल्याचं औषध, अत्तर, सगळं जपून. काम काय करता, असंही विचारलं. त्याने तोंड उघडायच्या आत धाकटीने सांगून टाकलं, फर्निचरचा धंदा आहे. धंदा म्हटलं की जरा बरं दिसतं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढचा पेशंट बोलावला.

घरी येऊन तिने कपाटं धुंडाळली. खोकल्याची बाटली मोरीत ओतली, अत्तर मला आणून दिलं. स्पिरिट कुणाच्याच डोक्यात आलं नाही. दारू ती दारू, आणि स्पिरिट म्हणजे पोटापाण्याचं काम. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय.

तो खरंच पीत नव्हता. कधी डोकं दुखतं म्हणायचा, कधी छातीत धडधडतं म्हणायचा. सवय सुटताना असं व्हायचंच, असं घरातल्या घरातच ठरलं आणि डॉक्टरांना विचारायला कोणी गेलं नाही. धाकटी मात्र पुन्हा गुणगुणत भांडी घासू लागली होती.

मग एका बंगल्यात मोठ्या कपाटाचं काम निघालं. पॉलिश आतूनही करायचं होतं, म्हणून खोलीचं दार लावून तो दिवसभर कपाटात शिरून बसला. संध्याकाळी आला तो भिंतीला धरून. चेहरा लालबुंद, डोळे तांबारलेले. दारातच ओकला.

"मी घेतली नाही गं," तो म्हणाला. "वास घे."

"वास कशाला घेऊ? तोंडच सांगतंय सगळं," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

तिला दोष देणं सोपं आहे. पण अशा शपथा त्याने कितीदा खाल्ल्या होत्या. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि हिचं तर घरच पोळलं होतं. मी लगबगीने तिथे पोचेपर्यंत तो छातीला हात लावून वाकला आणि पायरीवरच कलंडला. मी हाक मारली तेव्हा तिने दार उघडलं.

दवाखान्यात त्याचा रक्तदाब पार खाली गेला होता. डॉक्टरांनी त्याची लाखेने माखलेली बोटं हुंगली आणि विचारलं, हे नक्की काय काम करतात? धाकटीने या वेळी धंदा म्हटलं नाही. पॉलिश करतात, स्पिरिटचं, एवढंच म्हणाली.

"हे प्यायलेले नाहीत," ते म्हणाले. "बंद खोलीत दिवसभर स्पिरिट हुंगलंय त्यांनी, आणि त्यातही दारूतलंच अल्कोहोल असतं. गोळीला तेवढंही पुरतं. मीच खोदून विचारायला हवं होतं."

धाकटी भिंतीला टेकून खाली बसली. एवढं वाईट मला तिच्याबद्दल कधी वाटलं नव्हतं.

तो वाचला. ती गोळी बंद झाली. दुसरी देण्याआधी डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुखण्यावरच्या गोळ्या घेता का, तेही विचारलं. सगळी उत्तरं त्याने स्वतः दिली. स्पिरिटचं काम सुटलं. आता तो एका गोदामावर पहारा देतो. बसल्या बसल्या टेबलावर त्याची बोटं गोल गोल फिरत राहतात, ते मला पाहवत नाही. दारूला मात्र त्याने पुन्हा हात लावलेला नाही. सगळं चांगलं झालं, असं सगळे म्हणतात.

तरी रोज संध्याकाळी तो उंबरठ्यावर थांबतोच. कालही थांबला.

"राहू द्या ना आता," धाकटी म्हणाली. "माझा विश्वास आहे तुमच्यावर."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"असू दे," तो म्हणाला. "त्या दिवशी तू वास घेतला नव्हतास."

आणि तिच्याकडे श्वास सोडून, तिने मान हलवेपर्यंत तो बाहेरच उभा राहिला.