सांगता येत नाही

सीमेवरच्या आपोआप चालणाऱ्या बंदुकांना माणसं ओळखायला शिकवणं हे माझं काम. दिवसभर फोटो बघायचे आणि प्रत्येकावर शिक्का मारायचा: 'निरुपद्रवी', 'सशस्त्र' किंवा 'सांगता येत नाही'. तिसरा शिक्का मारला की पाच ओळी कारण लिहावं लागे. कोण डोकं फोडून घेणार? खांद्यावर काहीही लांब दिसलं की आमच्या खोलीत सगळे डोळे झाकून 'सशस्त्र' मारायचे. सगळ्यात झपाट्यानं मी. साहेब कौतुक करत आणि मी गाढवासारखा फुशारून जाई.

गेल्या आठवड्यापर्यंत बंदूक गोळी झाडण्याआधी पडद्यासमोरच्या माणसाला विचारायची. आता आणखी चाळीस चौक्यांवर बंदुका बसल्या आणि विचारणं बंद झालं. "वर्षभरात त्या माणसानं 'नाही' म्हटलं अकरा वेळा," साहेब म्हणाले. "तेवढ्यासाठी माणूस कशाला पोसायचा?" ते अकराजण कोण होते, कुणी विचारलं नाही. सगळे कुंपणाच्या तारा दुरुस्त करणारे होते. मला ठाऊक होतं, तरी बंदूक थांबवायचं बटण काढण्याच्या कागदावर मी मुकाट्यानं सही केली. बढती तोंडाशी आली होती.

माझा थोरला भाऊही कुंपणाच्या तारा दुरुस्त करतो. परवाच वहिनीनं विचारलं, "भावजी, ती बंदूक यांना ओळखेल ना?"

"वहिनी, मी शिकवलंय तिला," मी ऐटीत म्हणालो.

आज दुपारी भिंतीवरच्या पडद्यावर दादा दिसला. खांद्यावर तार उचलायचा लांब दांडा. भोवती लाल चौकट, खाली शब्द: सशस्त्र.

"साहेब, थांबवा! माझा भाऊ आहे तो!"

"कसं थांबवू? बटण काढलंय. तुझीच सही आहे ना?"

मी घाईघाईत फोन लावला. झपझप चालणारा दादा थांबला आणि खिसा चाचपू लागला. चालत्या माणसावर बंदूक गोळी वाया घालवत नाही, तो थांबायची वाट बघते. हे नव्या लोकांना पहिल्याच दिवशी मीच सांगतो.

"दादा, पळ! पळ!"

"अरे, वारा फार आहे, काही कळत नाही. थांब, जरा उभा राहतो. हं, बोल."

गोळी सुटली.

"अचूक!" साहेब सवयीनं म्हणाले आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.