हवा धरून ठेवणारी नळी

मी एक स्टीलची नळी. करंगळीपेक्षा बारीक, आणि राहते गाडीच्या पोटाखाली, म्हणून तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. झाशीच्या छावणीत एका पांढऱ्या व्हॅनखाली मी आहे. माझ्यातून टाकीतली हवा जाते. ती मागच्या चाकांवरच्या रबरी फुग्यांत भरली की गाडी उचलली जाते, आणि रस्त्याचे धक्के आत बसलेल्यापर्यंत पोचत नाहीत. हवा सोडली की गाडी मागून खाली बसते, मग चाकाची खुर्ची अलगद आतबाहेर करता येते.

ती खुर्ची अनुश्रीची. ती शाळेत शिकवायची. बबिन्याच्या रस्त्यावर एका ट्रकने तिच्या स्कूटरला मागून उडवलं आणि तिचं कमरेखालचं अंग गेलं. पायांना काही कळेना, पण पाठ मात्र एवढ्याशा खड्ड्यानेही ठणकायची. तिचा नवरा सुजित, फौजेत हवालदार. दोघं मूळची साताऱ्याकडची. सुजितने तिच्यासाठी ही व्हॅन घेतली.

माझ्याआधी इथे प्लास्टिकची नळी होती. एका दुपारी ती सायलेन्सरच्या धगीने मऊ पडली आणि भर रस्त्यात फुटली. गाडी एका अंगावर बसली. अनुश्री पट्ट्याला लटकली. मदत येईपर्यंत सुजित तिची पाठ दोन्ही हातांनी तोलून उभा होता. ती ओरडली नाही. 

तात्पुरता जोड मारून गाडी बिजौलीला श्यामसुंदरच्या दुकानी आली. तिथेच कोपऱ्यात मी इतर नळ्यांबरोबर उभी होते.

"भैया, कॉपर लगवा लो," श्यामसुंदर म्हणाला. "हाथ से मुड़ जाता है."

"टूटेगा तो नहीं?"

"हिलते-हिलते कड़क हो जाता है. कभी न कभी चटकेगा. झूठ नहीं बोलूँगा."

साध्या लोखंडाला पावसाळ्यात गंज चढणार. मग सुजितने मला उचललं, बोटाने टिचकी मारली, आतून डोळा लावून पाहिलं. पितळी नट निवडले, नळी घट्ट आवळणाऱ्या रिंगा निवडल्या. म्हणाला, "यही. टंकी से फुग्गे तक पूरा स्टील."

श्यामसुंदरने मान हलवली. "आख़िर में रबर की होज़ लगेगी. वहाँ पहिया ऊपर-नीचे होता है. स्टील डालोगे तो टूट जाएगा."

"नहीं. कुछ भी ढीला नहीं चाहिए."

दोघं अडून बसले. तेव्हा व्हॅनच्या खिडकीतून अनुश्रीचा आवाज आला. "अहो, ऐका त्यांचं. जे हलणारच आहे, ते हलू द्या की."

सुजितने मला श्यामसुंदरच्या हातात दिलं. मग म्हणाला, "लगा दो होज़."

त्यानंतर मी कामाला लागले. आठवड्यातून तीनदा अनुश्रीला व्यायामाला न्यायचं, आणायचं. सुजित तिला उचलायचा, पुसायचा, जेवू घालायचा, वेळेवर गोळ्या द्यायचा. कुठे म्हणून चूक नाही. पण गाडीत इंजिनाशिवाय आवाज नसायचा. अपघातापासून त्याच्या तोंडून कामापुरतेच शब्द निघत.

एकदा घरासमोर गाडी बंद केल्यावर ती म्हणाली, "मला कोरेगावला आईकडे सोडा."

"किती दिवस?"

"दिवस नका विचारू."

"इथे काय कमी पडतंय?"

"काहीच नाही. तुम्ही सगळं करता. पण मी तुमची ड्यूटी झालेय. रडला असतात, चिडला असतात, तरी राहिले असते मी."

सुजितने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. म्हणाला, "रविवारी निघू."

निघालो. ललितपूर गेलं, भोपाळ गेलं. प्रत्येक मुक्कामी सुजित गाडीखाली शिरून माझ्या जोडांना साबणाचं पाणी लावायचा. हवा गळत असली तर तिथे बुडबुडा येतो. धुळ्याच्या पुढे एका ढाब्यावर तो असाच पाठीवर पडून एकेका जोडाकडे टक लावून बघत राहिला. बुडबुडा आला नाही. त्याने पुन्हा पाणी लावलं. गळती सापडली असती तर थांबावं लागलं असतं, कदाचित परतावंही लागलं असतं. पण मी त्यानेच पारखून घेतलेली. मी कणभरही हवा सोडली नाही.

कोरेगावात अनुश्रीची आई, सावित्रीबाई, दारात उभ्या होत्या. सुजितने हवा सोडली, गाडी खाली बसली, खुर्ची उतरली. "जेवून जा," त्या म्हणाल्या. "रजा नाही," तो म्हणाला.

येताना गाडी रिकामी होती. मला वजन कळतं, म्हणून सांगते.

आता मी निंबाच्या झाडाखाली उभी असते. रविवारी सुजित येतो, इंजिन चालू करतो, फुगे भरतो आणि आत बसून राहतो. मग तिचा फोन येतो.

"गाडी कशी आहे?"

"चांगली आहे. हवा उतरत नाही."

"आणि तुम्ही?"

दर वेळी तो म्हणायचा, नेटवर्क नीट नाही. छावणीत नेटवर्क उत्तम आहे. गेल्या रविवारी मात्र तो तसं म्हणाला नाही. त्याने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "तुझ्या खोलीत जात नाही मी. दार लावून ठेवलंय. जाता येत नाही."

तिकडून श्वास ऐकू आला. "ऐकतेय मी," ती म्हणाली. "बोला."

 फोन कुणी ठेवला नाही. कपाळ स्टिअरिंगला टेकवून तो तसाच बसून राहिला. त्याचे खांदे हलत होते, आणि वर गाडी अगदी थोडी, जाणवेल न जाणवेल इतकी, हलत होती.

मला गंज चढत नाही. या निंबाखाली मी कितीही वर्षं उभी राहीन, माझं काही बिघडायचं नाही. माणसाचं तसं नसतं. एवढंच सांगायचं होतं. सुजित, रजेचा अर्ज दे. गाडी काढ.